सालूते, चिनचिन आणि ब्रिंदिझी: इटलीत पेला उंचावला जातो तेव्हा

पेला उंचावून कोणाचे तरी शुभ चिंतण्याच्या कृतीला इटालियन भाषेत ‘ब्रिंदिझी’ म्हणतात, आणि देशाच्या आग्नेय टोकाला, एड्रियाटिक समुद्राच्या काठावर, नेमक्या याच नावाचे एक जुने बंदर आहे. हा रिवाज त्या गावातून निघाला असावा असे कोणालाही सहज वाटेल, परंतु दोघांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. गावाचे नाव फार प्राचीन आहे. रोमन लोक त्याला ब्रुंदिसियुम म्हणत, रोमहून निघालेला आप्पियन मार्ग तिथे येऊन संपत असे आणि महाकवी व्हर्जिल इसवी सनापूर्वी १९ मध्ये तिथेच वारला. पेल्याचा ‘ब्रिंदिझी’ मात्र जर्मन आहे. ‘ब्रिंग दिर्स’, म्हणजे ‘हा तुझ्यासाठी’, असे म्हणत जर्मन माणूस भरलेला पेला समोरच्याकडे करीत असे, आणि सोळाव्या शतकात, जेव्हा जर्मन भाडोत्री सैनिक इटलीच्या युद्धांत सर्वत्र वावरत होते, त्या काळात हे शब्द इटालियन आणि स्पॅनिश कानांवर पडून, थोडे झिजून, नाम बनून राहिले.

गावाचा आपल्याशी मात्र खराखुरा संबंध आहे. १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनहून हिंदुस्थानात येणारी टपाल रेल्वेने युरोप ओलांडून ब्रिंदिझीला पोहोचत असे आणि तिथून आगबोटीने सुएझमार्गे मुंबईला येत असे. दुसऱ्या गोलमेज परिषदेनंतर गांधीजी १४ डिसेंबर १९३१ रोजी परतीच्या बोटीत चढले तेही याच बंदरावर. मद्याला आयुष्यभर विरोध करणाऱ्या माणसाने अशा नावाच्या गावातून युरोपचा निरोप घ्यावा, हा निव्वळ योगायोग असला तरी टिपून ठेवण्यासारखा आहे.

हा शब्द परका आहे याची जाणीव त्या काळच्या इटालियन लोकांना पुरेपूर होती. जोव्हान्नी देल्ला कासा हे बेनेव्हेंतोचे आर्चबिशप होते. सभ्य वागणुकीवरचे त्यांचे ‘गालातेओ’ हे छोटेखानी पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १५५८ मध्ये छापले गेले आणि इतके गाजले की आजही इटालियन भाषेत शिष्टाचाराला ‘गालातेओ’ असेच म्हणतात. या पुस्तकात देल्ला कासा सांगतात की दुसऱ्याला प्यायचे आमंत्रण देण्याची ही रीत आपली नाही, म्हणून तर आपण तिला परक्या शब्दाने ओळखतो. ती मुळातच निंद्य आहे, आपल्या भागात अजून रुळलेली नाही आणि म्हणून ती करू नये. कोणी आग्रह केलाच तर ‘मी हरलो’ असे म्हणून आभार मानावेत, किंवा सौजन्य म्हणून वाइनची नुसती चव घ्यावी, असा मार्गही ते सुचवतात. ‘मी हरलो’ या शब्दांवरून त्या काळी या रिवाजाला पैजेचे रूप असावे हे दिसते: एकाने पेला रिकामा केला की दुसऱ्याने तितकाच रिकामा केला पाहिजे. आज इटलीत पेला उंचावण्याला जे रूप आहे त्यात ही पैज उरलेली नाही. उरली आहे ती फक्त शुभेच्छा, आणि ती शुभेच्छा मनापासून आहे ना, हे तपासणारे बारीकसारीक नियम. पुढे येणारे बहुतेक नियम याच एका दृष्टीने पाहिले तर चटकन समजतात.

आधी शब्द पाहू. सर्वांत घरगुती आणि सर्वत्र चालणारा शब्द म्हणजे ‘सालूते’. यातला ‘लू’ लांबवायचा आणि ‘ते’मधला त आपल्या ‘ताटा’तला. अर्थ सरळ आहे: आरोग्य. पूर्ण रूप ‘अल्ला सालूते’, म्हणजे ‘आरोग्यासाठी’. एकाला उद्देशून ‘अल्ला तुआ’, म्हणजे ‘तुझ्या’, आणि सर्वांना सामावून घेत ‘अल्ला नोस्त्रा’, म्हणजे ‘आपल्या’, असे नुसते म्हटले तरी पुढचा ‘आरोग्यासाठी’ हा शब्द न उच्चारता कळतो. कोणी शिंकले तरी इटालियन माणूस ‘सालूते’च म्हणतो, त्यामुळे लहान मूल शिंकल्यावर ‘शतंजीव’ म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना या शब्दाचा पोत लगेच ओळखू येईल. ‘सलामत’ किंवा ‘सलाम’ यांच्याशी याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण ते शब्द सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या, कुळातले आहेत. ‘सालूते’ लॅटिन ‘सालुस’वरून आला, आणि ज्या मुळातून हा लॅटिन शब्द निघाला त्याच मुळातून संस्कृत ‘सर्व’ निघाला. मूळ कल्पना ‘अखंड, धडधाकट, सगळेच्या सगळे’ अशी होती. म्हणजे ‘सालूते’चा दूरचा भाऊ आपल्या रोजच्या बोलण्यात बसलेलाच आहे. जवळचा भाऊ हवा असेल तर तो गोव्यात सापडतो: पोर्तुगीज लोक पेला उंचावून जो ‘साउद’ म्हणतात तोही याच लॅटिन शब्दाचा मुलगा, आणि या कृतीला पोर्तुगीज भाषेत जे नाव आहे, ‘ब्रिंद’, ते त्याच जर्मन ‘ब्रिंग दिर्स’चे.

दुसरा शब्द ‘चिनचिन’. यातला च ‘चिमणी’तला आहे, ‘चाका’तला नव्हे. पेल्यावर पेला आपटला की जो नाद होतो त्यावरून हा शब्द पडला असे इटलीत बहुतेकांना वाटते आणि तो आवडण्याचे कारणही तेच आहे. वास्तविक तो चिनी आहे. कँटन बंदरात व्यापारासाठी जाणाऱ्या युरोपीय खलाशांनी तिथे ‘छिंग छिंग’ हे आर्जवाचे शब्द ऐकले, ज्यांचा अर्थ साधारण ‘या, घ्या ना’ असा होतो, आणि ते थट्टेने आपल्या बोलीत घेतले. बंदराबंदरांतून फिरत ते इटलीला पोहोचले, आणि तिथल्या कानांना त्यांत काचेची किणकिण ऐकू आली म्हणून टिकले. हा शब्द मित्रमंडळीत शोभतो. औपचारिक प्रसंगी तो हलका वाटतो. जपानी पाहुण्यांसमोर तर तो टाळलेलाच बरा, कारण जपानी भाषेत त्याच उच्चाराचा शब्द लहान मुलांच्या बोलीत पुरुषाच्या जननेंद्रियासाठी वापरतात. इटालियन सांस्कृतिक अभिमानाचा भाग समजल्या जाणाऱ्या या रिवाजातील कृतीचे नाव जर्मन, एक उद्गार चिनी, आणि स्वतःचा म्हणावा असा केवळ ‘सालूते’ आहे, ही गोष्ट मला फार गमतीची वाटते.

शब्द बाहेरून आले असले तरी दुसऱ्याच्या नावाने पिणे इटलीच्या भूमीला नवे नव्हते. रोमन मेजवानीत एक जण ‘पानाधिपती’ निवडला जाई. वाइनमध्ये पाणी किती घालायचे आणि किती फेऱ्या व्हायच्या हे तो ठरवी. प्रिय व्यक्तीच्या नावात जितकी अक्षरे तितकी मापे प्यायची, अशीही प्रथा होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला कवी मार्शल लाएवियासाठी सहा आणि युस्तिनासाठी सात मापे मोजतो. हे माप सुमारे ४५ मिलिलिटरचे असे, आणि मोजणी अर्थातच रोमन लिपीची. देवनागरीत मोजली असती तर युस्तिनाच्या प्रियकराला तीन मापांवरच थांबावे लागले असते. पुढे चौथ्या शतकात रोममध्ये काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा पत्रा बसवून केलेल्या पेल्यांच्या तळाशी ‘पिए झेसेस’ असे ग्रीक शब्द लॅटिन अक्षरांत लिहिलेले आढळतात. ‘पी, आणि जग’ हा त्यांचा अर्थ.

आता एका टेबलाकडे जवळून पाहू. समजा बोलोन्यातल्या एका घरी रविवारचे दुपारचे जेवण आहे आणि टेबलाभोवती आठ माणसे बसली आहेत. यजमान वाइन ओततो. ग्लास काठोकाठ भरायचा नसतो, तो निम्म्याच्याही आत ठेवतात, म्हणजे वास वर साठायला जागा राहते. सर्वांना ओतून होईपर्यंत कोणी ओठाला ग्लास लावत नाही. मग यजमान, किंवा ज्याच्या निमित्ताने जेवण आहे तो, ग्लास उचलतो आणि दोन शब्द बोलतो. हे दोन शब्द खरोखर दोनच असतात. लांबलचक भाषणाची रीत इटलीत लग्नातसुद्धा फारशी नाही. त्यानंतर ‘सालूते’चा गजर होतो आणि ग्लास एकमेकांकडे सरकतात. आठ माणसांनी प्रत्येकाने प्रत्येकाशी ग्लास भिडवायचा म्हटला तर अठ्ठावीस वेळा काच वाजली पाहिजे, आणि घरगुती जेवणात ती खरोखर वाजवली जाते, माणसे खुर्चीतून अर्धवट उठून टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत हात लांबवतात. इथेच पहिला अलिखित नियम आडवा येतो: दोघांच्या हातांवरून तिसऱ्याचा हात जाऊ द्यायचा नाही. हातांची फुली झाली की कोणीतरी हटकून ओरडते, सगळे हात मागे घेतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. एखादी मावशी राहून गेली तर तिला वगळून पिता येत नाही.

दुसरा नियम नजरेचा. ग्लास भिडवताना ग्लासाकडे नव्हे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे. न पाहणाऱ्यावर सात वर्षांचे दुर्दैव कोसळते असे हसत हसत सांगतात, आणि त्या दुर्दैवाचा तपशील बहुधा शयनगृहाशी संबंधित असतो. तिसरा नियम असा की ग्लास भिडवल्यानंतर एक घोट घेतल्याशिवाय तो खाली ठेवायचा नाही. ठेवला तर दिलेली शुभेच्छा परत घेतल्यासारखे होते. काही ठिकाणी, विशेषतः तरुणांच्या घोळक्यात, पिण्याआधी ग्लासाचा तळ क्षणभर टेबलाला टेकवतात आणि त्यामागे एक यमकबद्ध, पण घरच्या मोठ्यांसमोर म्हणता येणार नाही अशी ओळ असते. सहलीत प्लास्टिकचे पेले असले तर ते भिडवण्यात राम नसतो. अशा वेळी पेला धरलेल्या हाताची बोटेच एकमेकांना टेकवण्याची पळवाट अनेकांनी काढली आहे. रिकामा पेला उंचावणे अशुभ, आणि पाण्याने शुभेच्छा देणेही अशुभच मानतात.

या नियमांमागे काय आहे असे विचारले की विषाची गोष्ट हमखास सांगितली जाते. मध्ययुगात यजमान पाहुण्यांना विष घालीत, म्हणून पेले इतक्या जोराने आपटत की एकाची वाइन दुसऱ्याच्या पेल्यात सांडावी, अशी ही गोष्ट. तिला भरवशाचा पुरावा नाही, आणि नुसता विचार केला तरी ती पटत नाही, कारण काठापर्यंत भरलेला पेला आपटला तर वाइन मुख्यतः टेबलक्लॉथवर जाईल. तरीही विषाची भीती इटालियन शिष्टाचारात एका जागी ठसठशीत उरली आहे. बाटलीतून वाइन ओतताना मनगट उलटे फिरवून, तळहात वर येईल अशा रीतीने ओतणे इटलीत असभ्य समजतात आणि त्याला ‘अल्ला त्रादितोरा’, म्हणजे ‘दगाबाजाच्या हाताने’ ओतणे, असे नाव आहे. सांगतात ते असे की अंगठीच्या पोकळ खड्यात विष दडवलेला माणूस याच पद्धतीने ओतून ते पेल्यात सोडत असे. अशा अंगठ्यांनी किती माणसे मेली हा प्रश्न बाजूला ठेवू. पण पाहुणा म्हणून बाटली हातात आली तर तळहात खाली ठेवूनच ओतावे, कारण उलट्या हाताची धार पाहून टेबलावरच्या वडीलधाऱ्यांचा चेहरा खरोखर बदलतो.

दिलेला पेला नाकारणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला इटालियन ऑपेरासारखे साधन नाही. ऑपेरात ‘ब्रिंदिझी’ हा गाण्याचा एक स्वतंत्र प्रकारच आहे: एक जण पेला घेऊन कडवे गातो आणि सारा समूह त्याला साथ देतो. सर्वांत प्रसिद्ध ब्रिंदिझी संगीतकार व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’मधले. हा ऑपेरा ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसमध्ये प्रथम रंगमंचावर आला, आणि त्यातली गंमत अशी की सगळे पेले उंचावतात ते क्षयाने पोखरलेल्या नायिकेच्या घरी. परंतु आपल्या विषयासाठी अधिक बोलका प्रसंग संगीतकार मास्कान्यीच्या, १८९० मध्ये रोममध्ये प्रथम सादर झालेल्या, ‘काव्हाल्लेरिया रुस्तिकाना’त आहे. सिसिलीतले एक खेडे, ईस्टरचा दिवस, चर्चमधून बाहेर पडलेली माणसे. तुरिद्दू नावाचा तरुण सर्वांना वाइन पाजतो, ब्रिंदिझी गातो आणि ज्याच्या बायकोशी त्याचे संबंध आहेत त्या आल्फियोपुढेही पेला करतो. आल्फियो शांतपणे आभार मानतो आणि सांगतो की तुझी वाइन मी घेणार नाही, माझ्या छातीत तिचे विष होईल. तुरिद्दू पेला ओतून टाकतो. बायका घाईघाईने आपापल्या घरी निघून जातात, कारण पुढे काय होणार ते त्यांना कळलेले असते: दोघे मिठी मारतात, तुरिद्दू आल्फियोचा कान चावतो, आणि ते द्वंद्वाचे आव्हान ठरते. एकाही शिवीची गरज पडत नाही. न घेतलेला पेला पुरतो.

पेला न देणे हाही अपमानच, आणि त्याचा तर रोममध्ये खेळ केला गेला होता. ‘पासातेल्ला’ नावाचा हा खेळ जुन्या रोमच्या गुत्त्यांत चाले. वाइनचे पैसे सगळे मिळून देत, मग पत्त्यांनी किंवा बोटांच्या मोजणीने एक ‘मालक’ आणि एक त्याचा ‘दुय्यम’ ठरे, आणि कोणाला प्यायला मिळेल हे त्या दोघांच्या हाती जाई. एखाद्याला ठरवून शेवटपर्यंत कोरडे ठेवले जाई. अशा माणसाला ‘ओल्मो’ म्हणत. ओल्मो हे एका झाडाचे नाव आहे. स्वतःचे पैसे भरून, घसा कोरडा ठेवून, इतरांचे टोमणे ऐकत बसलेल्या त्या झाडाने उठून चाकू काढल्याची प्रकरणे कमी नव्हती. म्हणूनच हा खेळ बदनाम झाला.

शिष्टाचाराची पुस्तके मात्र अजूनही देल्ला कासांच्या बाजूची आहेत. त्यांच्या मते औपचारिक मेजवानीत ग्लास भिडवायचाच नसतो, ‘चिनचिन’ म्हणायचे नसते, फक्त ग्लास थोडा वर उचलून नजर फिरवायची आणि ओठाला लावायचा. जेवणाआधी ‘ब्वोन आपेतीतो’, म्हणजे ‘भूक चांगली लागो’, म्हणणेही याच पुस्तकांना अशिष्ट वाटते. प्रत्यक्ष घरांत हे दोन्ही नियम रोज मोडले जातात आणि मोडणाऱ्यांना त्याची खंत नसते. पाहुण्याने इतकेच करावे: यजमान काय करतो ते पाहावे आणि तितकेच करावे.

प्रसंगानुसार शब्द बदलतात. वाढदिवसाला ‘चेंतो दी क्वेस्ती जोर्नी’ म्हणतात, म्हणजे ‘असे शंभर दिवस येवोत’, आणि हिशेब वाढदिवसांचा असल्याने तो आपल्या ‘शतायुषी भव’शी बरोबर जुळतो. सार्दिनिया बेटावर तर ‘आ केंत आन्नोस’, म्हणजे ‘शंभर वर्षे’, हाच रोजचा उद्गार आहे, आणि तिथल्या डोंगराळ भागात शंभरी गाठणाऱ्या माणसांचे प्रमाण लक्षणीय असल्याने तो अगदीच हवेतला वाटत नाही. लग्नात ‘व्हीवा ल्यी स्पोझी’ म्हणून वधूवरांचा जयजयकार होतो आणि त्यांनी एकमेकांचे चुंबन घेईपर्यंत पाहुणे गप्प बसत नाहीत. लग्नातला जुना आशीर्वाद ‘आउगूरी ए फिल्यी मास्की’, म्हणजे ‘अभिनंदन, आणि मुलगेच होवोत’, असा आहे. आज तो म्हणताना थोडे ओशाळे हसू येते, जसे आपल्याकडे ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ म्हणताना येते. वर्षाच्या शेवटच्या रात्री बाराच्या ठोक्याला फसफसणारी वाइन, म्हणजे ‘स्पुमांते’, उघडतात आणि सोबत मसूर खातात, कारण मसुराचे चपटे गोल दाणे नाण्यांसारखे दिसतात. व्हेनिसमध्ये उभ्याउभ्या प्यायच्या छोट्या पेल्याला ‘ओंब्रा’, म्हणजे ‘सावली’, म्हणतात. सान मार्को चौकातले विक्रेते घंटाघराच्या सावलीबरोबर आपली गाडी सरकवत राहत, म्हणून हे नाव पडले असे सांगितले जाते.

न पिणाऱ्या मराठी पाहुण्याला यात अडचण वाटण्याचे कारण नाही. इटलीत जेवताना झिंगणे हे आतिथ्याला दाद देणे नसून स्वतःची शोभा करून घेणे समजतात, त्यामुळे कमी पिणाऱ्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. अडचण फक्त पाण्याची आहे. ग्लासात संत्र्याचा रस किंवा कुठलेही रंगीत पेय असले, तो इतरांबरोबर वर उचलला, डोळ्यांत पाहिले आणि घोट घेतला, की काम झाले; नियमांना जे तपासायचे असते ते या तीन गोष्टींतच आहे. नकोच असेल तेव्हा वाइनचा ग्लास भिडवून ओठांना नुसता लावून ठेवला तरी चालते, आणि त्याला तर आर्चबिशपांची साडेचारशे वर्षांपूर्वीची परवानगी आहे.

जेवताजेवता वाइन सांडली तर घाबरू नये. मीठ किंवा तेल सांडणे अशुभ, पण वाइन सांडणे शुभ. शेजारचा माणूस त्यात बोट बुडवून ते तुमच्या कानामागे लावील, तेव्हा मान मागे घेऊ नये. आणि बाटली संपत आली की यजमान ती हलवून पाहील, टेबलावरच्या अविवाहित माणसाचा ग्लास शोधून शेवटचे थेंब त्यात निथळवील, आणि हा आता वर्षाच्या आत बोहल्यावर चढणार असे जाहीर करील. मग त्या माणसाची इच्छा असो वा नसो, सगळे ग्लास पुन्हा एकदा वर जातील.